टीम कुणाच्या हाताखाली चांगली चालते: धाकात ठेवणाऱ्या साहेबाच्या की मोकळीक देणाऱ्या?

मोकळीक देणाऱ्या. आता का ते सांगतो.

भोसरीच्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. आठ सीएनसी (संगणकाच्या आकड्यांवर धातू कापणारी मशीन) आणि एक साहेब. सगळ्या मशीनचे ऑफसेट, म्हणजे माप जुळवायला हत्यार किती सरकवायचं ते आकडे, साहेबांनी लॉक करून ठेवलेले, किल्ल्या त्यांच्या किचेनला, स्कूटरच्या चावीशेजारी. "तुमच्या हातात दिलं की वाट लावाल," हे रोजचं. माणूस हुशार, वाद नाही. नुसत्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, गेलंय म्हणून सांगायचे. पण रात्री ते घरी झोपायचे, आणि इन्सर्ट रात्रीही झिजतं.

एकदा रात्री दोनला ऑपरेटर आला. बोअर, म्हणजे नगातलं भोक, लहान होत चाललाय, गो गेज (भोकात सहज जायला हवा तो मापाचा दांडा) दाबून घालावा लागतोय, ऑफसेटला वीस मायक्रॉन (०.०२ मिमी) द्यायला हवेत. बारा वर्षं त्याच मशीनवरचा माणूस. मी साहेबांना फोन लावला, तिसऱ्यांदा उचलला. "मशीन थांबवायचं नाही, सकाळी डिस्पॅच आहे. मी येऊन बघतो." सकाळी २१२ नग असे, की गेज तोंडाशीच अडतोय. रिवर्कला परत मशीनच्या पकडीत, चकमध्ये, धरले तर रनआउट गेला, म्हणजे नग मध्यावर फिरेनात. निम्मे भंगारात.

रिपोर्टात कारण लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. त्याला तीन दिवस घरी बसवलं. खाली सही माझी. सही करताना तो समोर उभा होता, हातात तोच गेज. काही बोलला नाही. पुढे कधी काही सांगायलाही आला नाही. तो नाही, बाकीचेही नाहीत. साहेबांना वाटायचं, शॉपमध्ये सगळं आलबेल आहे.

माणसंच तशी, असं म्हणणाऱ्यांसाठी: कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. दांड्या, दारू, भांडणं. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच नवा सुरू झाला, कामगार बहुतेक जुनेच. गैरहजेरी २० टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. तिथे कुणीही दोरी ओढून लाइन थांबवू शकायचा. आणि ही मोकाट सूट नव्हती बरं का, प्रत्येक काम सेकंदासेकंदाला बांधलेलं होतं.

पुढे शॉप माझ्याकडे आलं तेव्हा मी किल्ल्या मशीनलाच ठेवल्या. वीस मायक्रॉनपर्यंत स्वतः द्या, वहीत लिहा, त्यापुढे मला विचारा. पहिल्याच महिन्यात एकाने घाईत ०.०५ मिमीच्या जागी ०.५ टाकलं. वीसची मर्यादा तर मोडलीच, वर टिंबही चुकलं. नो-गो गेज, जो भोकात जायलाच नको, तो आत जाऊन खुळखुळला. मशीन त्यानेच थांबवलं, सांगायलाही तोच आला. चार नग गेले.

तुमची टीम नवी असेल तर मात्र हे लगेच करू नका. ट्रेनी पोरांच्या हातात मी पण किल्ली देत नाही. प्रेसशॉपमध्ये तर गार्ड आणि दोन्ही हातांची बटणं (हात प्रेसखाली जाऊ नये म्हणून असतात ती) यात कुणाचंच ऐकायचं नाही, तिथे हुकूमशाहीच बरी. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांचं मला माहीत नाही.

साहेब निवृत्त झाले. ग्रुपवर अजून लिहितात, "माझ्या वेळी शिस्त होती." साहेब, किल्ली होती. माझे चार नग ते दर दिवाळीच्या गेट-टुगेदरला काढतात. २१२ चा रिपोर्ट अजून फाइलला आहे, ऑपरेटरच्या नावावर, माझ्या सहीनिशी.