मुद्देमाल चोरीला जात नाही

कोपरखैरण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: शेजारच्या सोसायटीत रात्री बंद घराचं कुलूप तोडून चोरी झाली. बातमी आली, ‘दरोडा टाकून चोरट्याने तीन लाखांचा मुद्देमाल लंपास केला’. हे शब्द बरोबर आहेत का, आणि असा आरोप सिद्ध झाला तर शिक्षा किती?

दोन्ही शब्द चूक. दरोडा आधी उरकतो. एकट्याला दरोडा घालताच येत नाही. कायद्याला त्यासाठी किमान 5 जण लागतात, आणि मारहाण किंवा धाकदपटशा लागतो. चारच जण असले तर ती जबरी चोरी. घरात कोणी नसताना कुलूप तोडलं तर ती घरफोडी, मग तीन लाख जावोत की तीस.

आता मुद्देमाल. हा शब्द रोज कुठल्या ना कुठल्या बातमीत चुकीच्या जागी वाचावा लागतो आणि दर वेळी चीड येते. चोर मुद्देमाल नेतच नाही, तो ऐवज नेतो. मुद्देमाल पोलीस जप्त करतात. बारकाईचा वाद घालत नाही मी, शब्दाच्या पोटातच हे आहे.

अरबीत ‘हाक मारणे’ या अर्थाचा एक धातू आहे. देवाला हाक मारली की दुवा, जेवायला हाक मारली की दावत, आणि ‘हे माझं आहे’ अशी कचेरीत हाक दिली की दावा. दावा करणारा तो मुद्दई, आणि ज्यावर दावा आहे तो मुद्दा. सभेत आपण ‘मुद्द्याचं बोला’ म्हणतो तोच हा मुद्दा. म्हणजे मुद्देमाल हा वादातला, कज्ज्यातला माल. तक्रार नाही, जप्ती नाही, तोवर कपाटातल्या पाटल्या नुसत्या पाटल्याच असतात. पंचांसमोर त्या पुडीत बांधल्या, लाखेचं सील लागलं, सह्यांचं लेबल चिकटलं, की त्यांचा मुद्देमाल होतो.

‘मुद्देमाल म्हणजे चोरीचा माल’ एवढ्यावर भागवणारे कोश मला मुळीच मान्य नाहीत. चोराची कटावणी, पळायला वापरलेली मोटारसायकल, खुनातला चाकू हे सगळं मुद्देमालातच जमा होतं. यातलं काय चोरीला गेलं होतं? हा शब्द ‘मुद्रा’वरून आणावासा कुणालाही वाटेल, सील लागतं म्हणून. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर बांधलेली ही व्युत्पत्ती आहे. दावा आणि मुद्दई समोर उभे असताना संस्कृतात शोधत बसण्याचं कारण काय?

आणि ऐवज तर त्याहून गोड. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बदली, मोबदला. ‘चहाऐवजी कॉफी’ यातला ‘ऐवजी’ त्याचाच. पैशाच्या मोबदल्यात उभी राहणारी चीजवस्तू म्हणून दागदागिने हा ऐवज. जाताना ऐवज, सापडल्यावर मुद्देमाल: हा फरक मराठीने जपलेला आहे, तो बातमीने पुसून टाकू नये.

शिक्षेचं राहिलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. साध्या चोरीला कलम 303(2), 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिलाच गुन्हा, माल 5000 रुपयांच्या आतला आणि तो परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. राहत्या घरातल्या चोरीला कलम 305, 7 वर्षांपर्यंत. रात्री चोरीसाठी घरफोडी केली तर कलम 331(4), 14 वर्षांपर्यंत. तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत ही शेवटची दोन बघायची. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत जाता येतं, म्हणूनच तो शब्द कुणाही एकट्यादुकट्याच्या माथी मारायचा नसतो. आणि निकाल लागेपर्यंत तो माणूस आरोपी, गुन्हेगार नव्हे.

कायद्यानेही चोरी मालकीवर नाही, ताब्यावर बेतली आहे. गहाण ठेवलेलं स्वतःचंच घड्याळ पैसे न फेडता परस्पर उचलून आणलं तरी ती चोरी, असं उदाहरण खुद्द कलमातच दिलंय. म्हणूनच पोलिसांकडे जमा झालेल्या पाटल्या आपल्या असल्या तरी उचलून आणता येत नाहीत. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितल्यावर हजर करू अशा हमीपत्रावर, घ्याव्या लागतात. शेजाऱ्यांचा माल सापडला, तर त्या अर्जाच्या विषयात ‘मुद्देमाल परत मिळणेबाबत’ लिहायला सांगा. तिथे तो शब्द अगदी बरोबर आहे.