चिखलातली, बर्फातली पट्ट्यांची वाहने : वाचकांचे प्रश्न

वाहनाला पट्टे (रणगाड्यासारखे, चाकांभोवती फिरणारे साखळीपट्टे) लावले की चिखलाची चिंता मिटली, असे धरूनच बहुतेक पत्रे येतात. ते खरे नाही.

प्रश्न : अमेरिकी ‘वीझल’ हा रणगाडाच ना?

नाही. ते स्टुडबेकरने बांधलेले, चिलखत नसलेले, पट्ट्यांचे हलके मालवाहू वाहन होते, दुसऱ्या महायुद्धातले.

प्रश्न : १९४१ मध्ये जर्मनांना रशियन थंडीने हरवले, असे सगळीकडे वाचतो. मग पट्ट्यांचा काय संबंध?

हे ऐकीव वाक्य आता पुरे झाले. कडाक्याच्या थंडीआधी, ऑक्टोबरमध्येच पावसाने रस्त्यांचा चिखल केला. नोव्हेंबरात जमीन गोठली तेव्हा उलट गाड्या पुन्हा हलल्या. वाहनाचे वजन जमिनीला टेकलेल्या क्षेत्रफळात किती विभागले जाते, यावर ते रुतणार की नाही हे ठरते. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचे पट्टे सुमारे ५० ते ५५ सेंटिमीटर रुंद, जर्मन पँझर-३ चे त्याहून बरेच अरुंद. पण नुसते रणगाडे पाहू नका. इंधन, दारूगोळा आणि भाकरी चाकांच्या ट्रकांवर आणि घोड्यांवर येत होती. आधी अडकले ते ट्रक. म्हणून ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने जर्मन सैन्यासाठी ‘राउपेनश्लेपर ओस्ट’ हा पट्ट्यांचा ट्रक बांधला : दीड टन माल, पोट जमिनीपासून उंच, वेग ताशी जेमतेम १७ किलोमीटर. वीझलचा जमिनीवरचा दाब तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१३ किलो, उभ्या माणसाच्या पावलांपेक्षाही कमी. आणि रुंद पट्टाही पुरत नाही : पँथर, टायगर या जर्मन रणगाड्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या चाकांमध्ये चिखल रात्री गोठायचा आणि सकाळी चाके जाम. एखाद्या वाहनाविषयी ठाम लिहिण्याआधी त्याचे तांत्रिक पुस्तक जाणकाराकडून समजून घ्या.

प्रश्न : ‘पूर्व आघाडीवरची अस्सल पट्ट्याची कडी’ ऑनलाइन मिळते आहे. सवलत आजच संपते. घेऊ?

आज तर मुळीच नको. गंज आठवड्यात चढवता येतो, प्रमाणपत्र घरी छापता येते. ओतीव खुणांचे (ओतकामात धातूवर उमटलेल्या अक्षर-अंकांचे) स्पष्ट फोटो मागवून तज्ज्ञाला दाखवा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर विषय संपला.

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. अल्बममध्ये चिखलातले पट्ट्यांचे वाहन आहे. व्हॉट्सॲपवर ‘पकडलेली जर्मन गाडी’ म्हणतात. दोन वर्षे विचारायचे राहून गेले.

वर्णनावरून सांगता येणार नाही. ठेंगणे, उघडे असेल तर वीझल असू शकते. इटलीच्या चिखलात दोस्त सैन्याने ती वापरली. उंच केबिन आणि मागे लाकडी हौदा असेल तर राउपेनश्लेपर. फोटो ओढून काढू नका, लॅमिनेशन तर नकोच. आणखी एक पावसाळा जाऊ न देता कागद-संवर्धकाकडे न्या, मागचा मजकूरही स्कॅन करून घ्या आणि आजोबांच्या सेवानोंदींसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा.