खरं आहे, पण पुरावा कुठंय?

अरे, कांद्याच्या वजनात व्यापारी शेतकऱ्याला मारतो ही तुझी बातमी खरीच असेल. पण व्यापाऱ्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तर नाशिकच्या कोर्टात ते सिद्ध आपल्यालाच करावं लागेल. ‘शेतकरी असं म्हणाला’ एवढ्यावर सुटका नाही. तो म्हणाला ते खरं होतं, हे दाखवावं लागतं. म्हणून काटा पावती (वजनाची) आणि हिशोबपट्टी (व्यापाऱ्याने दिलेली) दोन्हींचे फोटो घे, तारखेसकट. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव. फौजदारीत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, लोकहितही दाखवावं लागतं. तुझ्या बातमीत ते आहेच. व्यापाऱ्याला फोन कर, त्याची बाजू छाप. आणि बातमीच्या नोंदींची वही जपून ठेव बाबा: दिवाणी दाव्याला १ वर्षाची मुदत, फौजदारी तक्रार ३ वर्षांपर्यंत येऊ शकते.