जुन्या अमेरिकन पेनीची किंमत कशी कळेल?

लिंकनचं चित्र असलेली पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, असेल तर आधी साल बघा, मग सालाखालचं बारीक अक्षर, म्हणजे टांकसाळीची खूण. १९०९ साल, खाली 'एस' (S, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) आणि मागच्या बाजूला तळाशी 'व्हीडीबी' (VDB, नाण्याच्या शिल्पकाराची आद्याक्षरं) असेल तर नशीब उघडलं. अशी जेमतेम ४,८४,००० नाणी पाडली होती. १९४३ च्या पेनी पोलादाच्या होत्या, तांब्याच्या चुकून मोजक्याच पडल्या आणि म्हणून त्या फार मोलाच्या. पण तशी दिसली तर लगेच हुरळू नका, लोहचुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा! नाही चिकटली, तरी त्यातला ३ भिंगातून बघाच. १९४८ मधला ८ तासून ३ करणारे महाभागही आहेत. १९५८ पर्यंतच्या, मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या पेनी मात्र ढिगाने सापडतात. बहुतेकींचे काही सेंटच येतात. आणि हो, घासूनपुसून चकचकीत करू नका. संग्राहक तेवढ्यावरूनच भाव पाडतात.