डोक्यात गाठ, म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न: वय २९, पाळी ७ महिने बंद, छातीतून दूध येते, पण बाळ वगैरे काही नाही. धंतोलीत एमआरआय केला तर पिट्यूटरीत (मेंदूच्या खालच्या छोट्या ग्रंथीत) ६ मिमीची गाठ निघाली, सासूबाई म्हणून राहिल्या की आता डोकं उघडावं लागते.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, आधी पाणी प्या बरं. ही गाठ जवळपास नेहमी साधीच असते, १० मिमीच्या आतली म्हणजे लहानच, आणि तुमची लक्षणं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढल्याची दिसतात, त्यावर कॅबरगोलिनची गोळी असते, बहुतेकदा आठवड्यातून दोनदाच, आणि बऱ्याच जणींची गाठ तेवढ्यानंच आकसते, पाळीही सुरू होते. ऑपरेशन लागलंच तर बहुधा नाकातून करतात, सासूबाईंना सांगा. थायरॉइड तपासलं का पण? ॲसिडिटीसाठी डोमपेरिडोनवाली गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानंही प्रोलॅक्टिन वाढतं. आणि बाजूचं दिसणं कमी झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.