मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, तरी शेतकरी ऊस का लावतात? सरकार सरळ बंदी का घालत नाही?

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. घरी साडेतीन एकर, त्यात सव्वा एकर ऊस. म्हणजे तुम्ही ज्याला नावं ठेवताय त्यातलाच मी एक, हे आधीच सांगून टाकतो.

तुमचा राग चुकीचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर. मी तेव्हा लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहत होतो. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, पाणवठ्यांवर मारामाऱ्या नकोत म्हणून जमावबंदी लागली होती, अंघोळीचं पाणी परातीत धरून आम्ही संडासात वापरायचो. मांजरा धरण कोरडंठाक. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी चालू होती.

आमच्याकडे पाऊस सहा-साडेसहाशे मिलिमीटर, तोही चांगल्या साली. उसाला लागतं दोन हजारांच्या आसपास. मधला फरक जमिनीतून उपसायचा. खाली आहे काळा पाषाण, त्याच्या भेगांत साचेल तेवढंच पाणी. पाणाड्या, म्हणजे पाणी कुठे लागेल ते सांगणारा, तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण. मग तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअर पाडायची गाडी येते आणि रात्रभर घरघरते. आमच्या तिसऱ्या बोअरला ५४० फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडत होता, पहाटे बाभळीची पानंसुद्धा पांढरी झालेली. पाणी लागलं ते इंचभर. (कायद्याने ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. गावात हे सांगून बघा, लोक चहा पाजतील आणि हसतील.)

एवढं करून ऊसच का? कारण तो घ्यायला कोणीतरी येतं.

सोयाबीनचं ऐका. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. मी दहा पोती घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. तिथल्या पोराने मूठभर दाणे यंत्रात टाकले, आकडा आला १४. बारापेक्षा जास्त ओलावा चालत नाही, वाळवून आणा म्हणाला. दिवाळीच्या तोंडावर, भाड्याच्या टेम्पोत, वाळवू कुठे? तसाच अडत्याकडे गेलो आणि चार हजाराच्या आत देऊन आलो. तुरीचं, कांद्याचं याहून वेगळं नाही.

उसाला मात्र एफआरपी आहे, कायद्याने ठरलेला भाव. त्या साली १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणारी साखर) क्विंटलमागे ३४० रुपये होता. तोडणी-वाहतूक कापून हातात बरंच कमी येतं, आणि चौदा दिवसांत द्यायचे पैसे दोन-दोन महिने लटकतात. पण येतात. गारपिटीने ऊस झोपला तरी सगळा जात नाही. सोसायटीवाला उसाची नोंद बघून कर्ज देतो, तुरीच्या नावावर चहासुद्धा देत नाही. माझे वडील सातवी शिकलेत, पण हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे.

अर्थात हेही दरवेळी जमतं असं नाही. २०२१-२२ ला पाऊस चांगला झाला, सगळ्यांनीच ऊस लावला आणि कारखाने जूनपर्यंत चालूनही फड उभे राहिले. आमच्या उसाला तुरे येऊन तो आतून पोकळ झाला, शेवटी तोडणी टोळीला एकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, देऊन तोडून घेतला.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत ती. आमच्या भागात ऊस आहे, तरी आमचीच माणसं दसरा-दिवाळी झाली की सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, लग्नाला नाहीतर दवाखान्याला, आणि मग सहा महिने ती फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, उलट दंड. पाळीच्या दिवसांत बाईने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, फडात आडोसा नाही, पाणी नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आमच्या शेजारची वहिनी त्यातलीच, तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. ऑपरेशनचे पैसे उचल घेऊनच भरले. म्हणजे ते फेडायला परत फडात.

बंदीचं म्हणाल तर २०१९ लाच औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊस बंद करा अशी शिफारस केली होती. त्याआधी ठिबक सक्तीचं केलं होतं. दोन्ही कागदावर राहिलं. कारखाना आणि आमदारकी एकाच घरात असते, मग बंदी घालणार कोण? आणि उद्या खरंच घातली, तर माझ्यासारख्याने पुन्हा त्या ओलाव्याच्या यंत्रापुढे उभं राहायचं. तूर-सोयाबीन उसासारखी बांधावरून उचलून नेण्याची सोय करा, निम्मे लोक ऊस आपणहून मोडतील असं मला वाटतं. कारखान्याजवळचे बडे बागायतदार नाही मोडणार, त्यांचं गणित वेगळं.

आमच्याकडे यंदा सव्वातला अर्धा एकर खोडवा (तोडल्यावर पुन्हा फुटलेला ऊस) मोडून तुती लावलीय, रेशमासाठी. पाणी उसाच्या मानाने बरंच कमी लागतं आणि महिनाभरात कोष बाजारात जातात. आई पहाटे उठून अळ्यांना पाला टाकते, शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो त्यांच्या खाण्याचा. राहिलेला पाऊण एकर मोडायचा का, यावर वडिलांचं आणि माझं कालही वाजलं.