एसीएलच्या ऑपरेशननंतर कोर्टवर कधी उतरायचं?

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड आहे. डाव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट) तुटला. त्याच्या जागी हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडऱ्याचा) ग्राफ्ट घालून ऑपरेशन झालं, त्याला साडेपाच महिने झाले. दुखत नाही, जिने सहज चढते. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची निवड चाचणी आहे. ती म्हणते, अमेरिकेची बास्केटबॉलपटू पेज बेकर्स तीन महिन्यांत परतली, मग मी का नाही? — एक पालक, नागपूर

उत्तर : तिची दोन दुखापतींत गल्लत होते आहे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या बेकर्सला डिसेंबर २०२१ मध्ये नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला. त्यातून ती फेब्रुवारीअखेर परतली. त्याच गुडघ्याचा एसीएल तुटला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. त्यानंतर तिने २०२२-२३ चा अख्खा हंगाम सोडला आणि पुढचा अधिकृत सामना खेळली नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे १५ महिन्यांनी. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ हरवून विद्यापीठांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच महिन्यात व्यावसायिक लीगमधल्या (डब्ल्यूएनबीए) डॅलस विंग्ज संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत तिला पहिल्या क्रमांकावर निवडलं. उदाहरण घ्यायचंच तर हे घ्यावं.

दुखणं थांबणं आणि ग्राफ्ट तयार होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घातलेला ग्राफ्ट सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतो; पहिल्या काही महिन्यांत तो आधी कमकुवत होतो, मग हळूहळू लिगामेंटसारखा घडत जातो. गुडघा शांत वाटतो नेमका त्याच काळात. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्मं होत गेलं. म्हणून ही निवड चाचणी सोडा. बॉल हातात घ्यायला हरकत नाही : जागेवरून शूटिंग, फ्री थ्रो, ड्रिब्लिंग. अचानक दिशा बदलणं आणि अंगाला अंग लागणारा सराव मात्र फिजिओ सांगेपर्यंत नको.

रोज सकाळी सूज तपासा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तळव्याने खालून वर दोन-तीनदा हात फिरवा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली. आतल्या खळगीत पाण्याचा फुगवटा परत आला, तर कालचा सराव जास्त झाला. एक पायरी मागे या.

प्रश्न : आमच्याकडे ताकद मोजायचं महागडं मशीन नाही. मुलगा तयार झाला हे कसं ओळखायचं? — एक प्रशिक्षक, सांगली

उत्तर : जिममधलं लेग एक्स्टेन्शन मशीन (बसून वजनासह गुडघा सरळ करायचं) आणि मापाची टेप पुरते. एकेका पायाने, नीट दहाच वेळा उचलता येईल असं वजन शोधा. चांगल्या पायाला ४० किलो जमले आणि ऑपरेशनच्या पायाला ३२, तर प्रमाण ८० टक्के. किमान ९० हवेत. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर लेग कर्लवरही (वजनासह गुडघा वाकवायचं मशीन) हेच करा.

मग उड्या. एका पायाने लांब उडी, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर. तीनपैकी सर्वांत लांब धरा आणि दोन्ही पायांचं प्रमाण तसंच काढा. इथे फसगत होते. लांब उडीत कंबर आणि घोटा गुडघ्याचं काम उचलतात, त्यामुळे ९५ टक्के येऊनही मांडीचा पुढचा स्नायू अशक्त असू शकतो. भिंतीवर खडूने खूण करून एका पायावरची उंच उडी मोजा, तिथे लपवाछपवी चालत नाही. शिवाय घरी बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो. दुखापतीआधीची मापं ठेवली असतील तर तुलना त्यांच्याशी करावी. (हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या संघाची मापं घेऊन ठेवणारे प्रशिक्षक फार थोडे. दोन तासांचं तर काम आहे.)

उतरताना समोरून मोबाइलवर चित्रण घ्या. गुडघा आत वळत असेल तर आकडे कितीही चांगले असोत, सामना नाही. पुढचा क्रम : संपर्काशिवाय सराव, मग एकास एक, मग पूर्ण सराव, आणि शेवटी सामन्यात मोजकी मिनिटं.

प्रश्न : नी-कॅप घालून खेळलं तर लवकर उतरता येईल का? — एक खेळाडू, पुणे

उत्तर : नाही. कापडी नी-कॅपने ऊब आणि धीर मिळतो. पाय टेकवून वळताना ग्राफ्टवर येणारा ताण ती अडवत नाही.